मुलींच्या बाजूचा निळा

“तुमचा बिल्ला कुठंय? मुलींनी बिल्ल्याशिवाय बसायचं नाही,” असं म्हणत एका बाईंनी माझ्या ओढणीला गुलाबी बिल्ला टोचलासुद्धा.

“अहो, मी मुलगी नाही,” मी म्हणाले.

बाईंनी मला वरून खाली न्याहाळलं.

“म्हणजे मुलगीच आहे. पण तुमच्या मेळाव्यातली नाही. मी साइटवाल्यांकडून आलेय.”

“लग्न झालंय?”

“नाही.”

“मग असू द्या,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुलीकडे वळल्या.

वधू-वर मेळावा होता तो. औरंगाबादेत, सिडकोतल्या एका मंगल कार्यालयात, जानेवारीतल्या एका रविवारी. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि वेबसाइट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत डिझायनर होते. ज्या समाजाचा मेळावा होता, तो माझा समाज नव्हे. त्यांच्या मंडळाला स्वतःची साइट हवी होती, म्हणजे घरबसल्या स्थळं बघता येतील. ते काम आमच्याकडे आलं होतं.

आमचे शिरीष सर उत्साही माणूस. इंटरनेटवर कुठेतरी वाचून आले आणि माझ्या टेबलाशी उभे राहिले.

“हेमांगी, बाहेरच्या देशांत यावर अभ्यास झालाय. निळा रंग दोघांनाही आवडतो. पण बायकांना त्यात पांढरं मिसळलेलं लागतं आणि पुरुषांना काळं. आपण दोन बाजू करू. मुलाने लॉगिन केलं की गडद साइट उघडेल, मुलीने केलं की फिकट. मंडळवाले एकदम खूश.”

“आणि एखाद्या मुलीला गडद आवडली तर?”

“म्हणून तर तुला मेळाव्याला पाठवतोय. विचारून ये सगळ्यांना.”

मी निळा एकच घेतला होता. एकात पांढरं मिसळत गेले, एकात काळं. दोन लॅपटॉपवर दोन साइट उघडून मी कार्यालयाच्या व्हरांड्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी टेबल लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचं आणि विचारायचं, यातली कोणती बरी वाटते?

पहिल्या तासातच माझ्या लक्षात आलं की मुलींना काही विचारता येत नाही. मुलीला विचारलं की आई बोलते. एक पोपटी साडीतली मुलगी आली, तिची नजर थेट गडद साइटवर गेली. मी विचारलं, “कोणती?” तोवर तिची आई म्हणाली, “हिला फिकटच आवडतं. लहानपणापासून.” मुलगी हसली आणि आईच्या मागे निघून गेली. मी फिकटच्या खाली खूण केली. थोड्या वेळाने तीच मुलगी पाणी प्यायला एकटी आली, पेला हातात धरून माझ्याकडे न बघता म्हणाली, “हा. काळपट आहे तो,” आणि गेली. मी खूण खोडून पलीकडे केली.

मुलांचं तसं नव्हतं. ते घोळक्याने येत आणि एकमेकांकडे बघून उत्तर देत. एकाने गडद म्हटलं की सगळे गडद.

विश्वंभर त्या घोळक्यांपैकी एकातच होता. उंच, जरा वाकून चालणारा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाला निळा बिल्ला लावलेला. बाकीचे गडद सांगून पुढे गेले. हा थांबला, लॅपटॉपसमोर वाकला आणि म्हणाला, “हा.”

“हा फिकट आहे,” मी म्हणाले.

“दिसतंय की.”

मागून त्याचा मावसभाऊ ओरडला, “अरे विशू, तो बायकांचाय! गडद सांग.”

“मला विचारलंय ना? मग मी सांगतो.” मग माझ्याकडे वळून, “जवसाचं फूल बघितलंय का तुम्ही?”

“नाही.”

“हा तोच रंग. सकाळचा. आमच्याकडं रानात चार-पाच सऱ्या असतात, घरापुरत्या. उजाडताना सगळं रान असं निळं होतं. दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात, काही राहत नाही.”

मी स्क्रीनकडे पाहिलं. आठवडाभर मी त्या रंगाला एका क्रमांकानेच ओळखत होते.

“मुलाच्या नावापुढे फिकट लिहिलं तर आमचे सर मला वेडी म्हणतील,” मी म्हणाले.

“मग माझं नाव लिहा खाली. विश्वंभर, औसा तालुका. वेडा कोण ते कळू द्या त्यांना.”

तो निघून गेल्यावरही मी जरा वेळ हसतच होते, असं पिंपाशी उभ्या असलेल्या एका आजींनी मला सांगितलं. “काय गं, जमायला लागलं वाटतं,” असं म्हणून त्या पाणी पिऊन गेल्या.

दुपारी मुलांना मंचावर बोलावून माइकवरून स्वतःची माहिती सांगायला लावली. त्याची पाळी आली तेव्हा मी टेबल सोडून दारात जाऊन उभी राहिले. बाकीचे पगार सांगत होते, घरं सांगत होते. तो म्हणाला, “मी इथंच औरंगाबादेत बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. बियाणं उगवतं का नाही ते बघायचं काम. आई-वडील गावाकडं शेती करतात. दोन धाकट्या बहिणी.” निवेदकाने विचारलं, “अपेक्षा?” तो माइक हातात घेऊन नुसता उभा राहिला. शेवटी म्हणाला, “बोलणारी असावी.” सभागृहात हशा पिकला.

जेवणाच्या वेळी तो दोन पत्रावळ्या घेऊन माझ्या टेबलाशी आला.

“तुम्ही जेवायला आत आलाच नाहीत.”

“मी पाहुणी नाही ना.”

“बिल्ला तर लावलाय.”

मी खाली पाहिलं. सकाळपासून तो गुलाबी बिल्ला तसाच होता. काढायला गेले तर पिन अडकली. तो म्हणाला, “राहू द्या. काय बिघडतंय?”

आम्ही टेबलावरच लॅपटॉप बाजूला सारून जेवलो. तो म्हणाला, बियाणं ओल्या कागदात गुंडाळून ठेवलं की काही लवकर फुटतं, काही वेळ घेतं, आणि उशिरा फुटणारं वाईटच असतं असं नाही. मी त्याला सांगितलं, मला आतापर्यंत बरीच मंडळी बघून गेली, आणि मी चहाचा ट्रे अजून एकदाही सांडला नाही, ही माझी एकमेव कामगिरी आहे. तो हसला नाही. “नाही कसं म्हणतात हो तुम्हाला?” असं त्याने अगदी सरळपणे विचारलं.

“तुमचं नाव येणार का या साइटवर?” त्याने जाताना विचारलं.

“ही तुमच्या लोकांची साइट आहे.”

“हां,” तो म्हणाला. “तेही खरंच.”

सोमवारी शिरीष सरांनी माझ्या खुणा पाहिल्या. मुली फिकटकडे, मुलं गडदकडे, बहुतेक सगळं त्यांच्या मनासारखं होतं.

“हा एक कोण? मुलगा आणि फिकट?”

“त्याला जवसाची फुलं आठवली.”

“काढून टाक. एकाने काय होतंय!”

फेब्रुवारीत साइट सुरू झाली. मंडळाचे सचिव मुकुंदकाका, निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी साइट आपल्याच घरची असल्यासारखी सांभाळली. नवी नोंद साइटवर लगेच दिसे, पण संध्याकाळी ते एकेक वाचत आणि नियमात न बसणारी काढायला लावत. एकच गोष्ट मला खटकली होती. मुलींच्या अर्जात ‘वर्ण’ ही जागा भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मुलांच्या अर्जात ती जागाच नव्हती.

“काका, मुलांना का नाही विचारायचं?”

“मुलांचा वर्ण कोण बघतं, बाई?” ते म्हणाले. त्यांना खरंच प्रश्न कळला नव्हता.

मार्च लागला आणि एका दुपारी विश्वंभर आमच्या ऑफिसात उभा राहिला. बाकीची मंडळी जेवायला गेली होती. त्याच्या हातात हेल्मेट होतं, ते कुठे ठेवावं हे त्याला कळत नव्हतं.

“तक्रार आहे,” तो म्हणाला. “मुलांच्या बाजूला लई अंधार आहे. बाबांना वाचता येत नाही.”

“मी अक्षरं मोठी करून देते.”

“बरं होईल.” तो तरीही उभाच. मग म्हणाला, “एक विचारू का? मुलींच्या बाजूनं मी कसा दिसतो?”

“म्हणजे?”

“मला माझं स्थळ गडद रंगावर दिसतं. मुलींना फिकटवर दिसत असणार. मी त्या बाजूला जाऊच शकत नाही ना. एकदा बघायचंय.”

ते दाखवायचं तर मुलगी म्हणून लॉगिन करायला हवं होतं, आणि त्याला एखाद्या मुलीची नोंद लागते. खऱ्या मुलीची उघडणं बरोबर नव्हतं. मी म्हटलं, “थांबा, चाचणीची एक करते,” आणि अर्ज उघडला.

नावाच्या जागी काहीतरी खोटं लिहायचं होतं. माझी बोटं माझंच नाव लिहून गेली. मग जन्मतारीख, उंची, शिक्षण. तो माझ्या खुर्चीमागे उभा राहून वाचत होता. ‘वर्ण’ आलं. यादीत गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. मी सावळा निवडला. शेवटी ‘शाखा’. तिथे त्यांच्याच समाजाच्या शाखा होत्या, दुसरं काही नव्हतंच. मी वरची पहिली निवडली.

“ही तर आमचीच,” तो हळूच म्हणाला.

पान उघडलं. फिकट निळ्यावर मुलांचे फोटो, आणि त्यात तो. पांढरा शर्ट, जरा वाकलेली मान. तो बराच वेळ स्वतःकडे बघत राहिला.

“बरा दिसतो की मी इकडून,” तो म्हणाला. “आता मी तुम्हाला बघतो.”

शेजारच्या कॉम्प्युटरवर बसून त्याने आपलं लॉगिन केलं. गडद पानावर सर्वांत वर माझं नाव होतं. फोटो नव्हता, फोटोच्या जागी साइटवरची ती डोक्यावर पदर घेतलेली रिकामी आकृती, मीच काढलेली. त्याने एकेक ओळ मोठ्याने वाचली, पहिलीतल्या मुलासारखी. नाव, वय, शिक्षण. मग थांबला.

“वर्ण सावळा. खरंच लिहिलंत तुम्ही.”

“मग काय लिहायचं?”

“बाकीचं पण खरं आहे का?”

“शाखा सोडून.”

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “हे पुसणार का आता?”

“पुसावं लागेल.”

“आजच?”

“संध्याकाळी काका नव्या नोंदी बघतात.”

“मग संध्याकाळपर्यंत राहू द्या,” तो म्हणाला आणि हेल्मेट उचलून गेला. अक्षरं मोठी करायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

मी संध्याकाळी ती नोंद पुसली नाही. घरी आले, आईने विचारलं, “आज गप्प का?” मी म्हटलं, काम होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या आल्या लॉगिन केलं. फिकट निळ्या पानावर वर एक ओळ होती: तुमच्या स्थळाला एक पसंती आली आहे.

ती ओळ मीच लिहिली होती. दोन महिन्यांपूर्वी, चहा पिता पिता. ती कुणाला कशी वाटेल याचा विचारही केला नव्हता. खाली दोन बटणं होती, स्वीकार आणि नकार. माझ्या वयाच्या मुलींना किती घरांतून नकार येतात ते मला ठाऊक होतं, पण आपल्याला आधी विचारलं गेलंय असं माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं. मी स्वीकार दाबलं.

पान बदललं आणि त्यावर एक फोन नंबर आला. ‘पालकांचा दूरध्वनी.’

तेवढ्यात माझाच फोन वाजला. मुकुंदकाका होते.

“बाई, काल एक नोंद आलीय. हेमांगी म्हणून. नाव ओळखीचं वाटलं. आडनाव आपल्यातलं नाही.”

“चाचणीची आहे, काका. माझीच.”

“तिला एक पसंतीही आलीय.”

मी हातातला माउस बाजूला सारला.

“मुलगा चांगला आहे,” ते म्हणाले. “वडील मात्र कडक आहेत. मी ओळखतो त्यांना.” मग म्हणाले, “मंडळाच्या घटनेत लिहिलेलं आहे, बाई. कुणाची नोंद घ्यायची ते.”

“घटना बदलता येत नाही का काका?”

ते चिडले नाहीत. थकल्यासारखे म्हणाले, “तुम्ही रंग विचारायला आला होता ना, तसं काही असतं तर कधीच बदललं असतं मी. माझी पुतणी अशीच बाहेरच्या मुलाशी लग्न करून घरातून गेली. आठ वर्षं झाली, तिचं नाव घेत नाही कुणी. तुम्ही ते पुसून टाका. मी वडिलांना काही कळवणार नाही.”

त्यांनी फोन ठेवला. मी स्क्रीनवरचा नंबर पाहिला. तो त्याचा नाही, त्याच्या वडिलांचा आहे, हे मला पक्कं माहीत होतं. मी जिन्यात गेले आणि तो नंबर लावला.

बराच वेळ वाजल्यावर एका बाईचा आवाज आला. मागे कुठेतरी मळणी चालल्यासारखा आवाज.

“कोण बोलायलंय?”

“मी औरंगाबादहून बोलतेय. साइटवर विश्वंभरची पसंती आली होती.”

“हां, हां! बोला की. हे रानात गेल्यात. मुलीकडून बोलायलाव का?”

“हो. मुलीकडून.”

“मुलीच्या कोण तुम्ही? आई का?”

“नाही,” मी म्हणाले. “मीच. मुलगी.”

मळणीचा आवाज दूर गेला. त्या फोन घेऊन आत गेल्या असाव्यात.

“अगं बाई. घरात मोठं कुणी नाही का?”

“आहेत. त्यांना माहीत नाही.”

“आडनाव काय म्हणलीस?”

मी म्हटलं नव्हतं. आता सांगितलं. मला वाटलं, फोन बंद होईल.

“तूच का ती?” त्या म्हणाल्या. आवाज अगदी खाली आला होता. “मेळाव्याहून आला तवा सांगितलं होतं त्यानं. एक पोरगी हाय म्हणून. मीच म्हणलं, बापासमोर नाव काढू नको.”

“बरं.”

“दोघी बहिणी हायत त्याच्या मागं. त्यांचं व्हायचंय अजून. ह्याचं असं झालं तर त्यांना कोण करून घेणार, सांग बरं.”

“हो.”

“तू वाईट वाटून घेऊ नको.”

“नाही.”

“जेवलीस का?”

सकाळचे अकरा वाजले होते. मी म्हटलं, जेवले. त्या म्हणाल्या, “ठेव आता. हे येतेत,” आणि फोन बंद झाला. मी वर येऊन नोंद पुसली.

शनिवारी तो ऑफिसच्या खाली, चहाच्या गाड्याशी उभा होता. मी उतरले. त्याने दोन चहा सांगितले.

“आईनं सांगितलं,” तो म्हणाला.

“काय म्हणाल्या?”

“आवाज चांगला आहे म्हणाली.”

“आणि?”

“आणि रडली.” त्याने कप दोन्ही हातांत धरला होता. “मी तुमच्या घरी येऊ का? तुम्ही म्हणालात तर उद्या येतो.”

मला हो म्हणायचं होतं. ते ओठांवरच होतं. पण त्याच्या आईचा खाली आलेला आवाज कानात होता, आणि मुकुंदकाकांची, जिचं नाव कुणी घेत नाही ती पुतणी.

“आधी बहिणींची होऊ देत,” मी म्हणाले.

“दोन वर्षं लागतील. तीनही लागतील.”

“लागू देत.”

त्याने कप गाड्यावर ठेवला. “थांबाल?”

“तुम्हीच म्हणालात ना, उशिरा फुटणारं वाईटच नसतं.”

मग आम्ही थांबलो. लपून-छपून काही केलं नाही, सिनेमा नाही, बाग नाही. महिन्यातून एखाद्या शनिवारी तो त्या गाड्याशी यायचा, आम्ही चहा प्यायचो, तो घरचं सांगायचा, मी कामाचं सांगायची. एकमेकांना शेवटपर्यंत अहो-जाहोच केलं. घरी मंडळी बघायला येत राहिली, मी नकार मिळवण्याच्या युक्त्या शिकले. दोघींतल्या मोठीचं लग्न पुढच्याच उन्हाळ्यात झालं. गावाहून परतल्यावर त्याने लग्नातले दोन बुंदीचे लाडू रुमालात बांधून आणले होते. “निम्मं झालं,” म्हणाला. इतक्या आनंदात मी त्याला आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. तो गावी गेला तो तीन आठवड्यांनी आला. गाड्याशी आला नाही, थेट वर ऑफिसात आला. आम्ही जिन्यात उभे राहिलो.

“धाकटीचं जमलंय,” तो म्हणाला.

“मग चांगलं झालं की.”

“साटंलोटं आहे.”

मला पटकन कळलं नाही.

“त्यांना त्यांची मुलगी आमच्याकडं द्यायचीय. दोन्ही लग्नं एका मांडवात. बाबांनी अंथरुणावरून शब्द दिला. त्यांना बोलता येत नाही नीट, हातानं खूण केली.” तो भिंतीकडे बघत बोलत होता. “मी नाही म्हणलो तर धाकटीचं मोडतं. ती काही म्हणत नाही. नुसती माझ्याकडं बघती.”

मी विचारलं, “घर चांगलं आहे ना? बहिणीचं?”

“चांगलं आहे.”

“मुलगा?”

“चांगला आहे. तिला आवडलाय.”

“मग झालं.”

“तुम्ही काहीतरी बोला हो,” तो म्हणाला. “शिव्या तरी द्या.”

मला शिव्या येत नव्हत्या. मी त्याच्या शर्टाच्या बाहीला लागलेला चुना झटकला. जिन्याच्या भिंतीचा होता. तेवढाच माझा हात त्याला लागला, त्या सगळ्या काळात. तो गेला.

मी ती नोकरी सोडून पुण्याला आले. मोठ्या कंपनीत लागले, हाताखाली माणसं आली. अजूनही कुणीतरी बैठकीत सांगतं की लेडीजसाठी जरा सॉफ्ट घ्या, जेंट्ससाठी डार्क, आणि मी मान हलवून दोन्ही करून देते.

पुण्यात येऊन तीन-चार महिने झाले असतील. दिवाळी नुकतीच सरली होती. मी कामावर होते आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. मागे सनई, बायकांचा गलका.

“हेमांगी का?”

आवाज मी लगेच ओळखला.

“हो. बोला.”

“मी विशूची आई. नंबर जपून ठेवला होता तुझा. आज हळद हाय त्याची.”

“हो का.”

“समदी माणसं जमल्यात. मी मागच्या खोलीत आले. तुला सांगावं वाटलं. का वाटलं, माझं मलाच कळंना.”

“बरं केलंत.”

“त्यानं काही सांगितलं नाही मला. पर पोरगं सकाळपासनं जेवलं नाही.”

माझ्यासमोर स्क्रीन होता, त्यावर कुणाची तरी साइट अर्धवट उघडी होती. मी म्हटलं, “त्यांना थोडं दूध तरी द्या. उपाशी उभं राहायचं म्हणजे चक्कर येईल.”

“देते,” त्या म्हणाल्या. “तू सांगितलं म्हणून देते.”

बाहेरून त्यांना कुणीतरी हाक मारली. मुलाच्या आईशिवाय तिकडे अडलं असणार. त्या “आले, आले” म्हणाल्या. पण फोन त्यांनी ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.